दाखल्याच्या खिडकीतून : काय व्हायचं ते ठरलेलं नसताना कॉलेज कसं निवडावं

कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'सोडण्याचे कारण'. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी तरी दाखल्याच्या खिडकीवर गेली. त्या रकान्यात मी बहुतेक वेळा 'पुढील शिक्षणासाठी' एवढंच लिहिलं, कारण तसंच लिहायची पद्धत आहे. खरं कारण जाळीतून ऐकू यायचं. "मॅडम, रूमचं भाडं झेपंना." "मित्रानं घेतलं म्हणून मी पण घेतलं." "मॅथ्स सोडलं होतं, आता लागतंय." "दुसऱ्या राऊंडला नंबर लागला, आज चारच्या आत दाखला पाहिजे." 'शिकवत नाहीत' म्हणून सोडणारा वर्षाकाठी एखादाच.

शेजारच्या प्रवेशाच्या खिडकीवर जूनमध्ये पेढ्यांचे बॉक्स यायचे. त्यातलेच काही चेहरे ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्याकडे, मागे दारात वडील उभे. त्यामुळे कॉलेज कसं निवडावं असं कुणी विचारलं की मला आधी आठवतात ती सोडून गेलेली मुलं.

यंदा माझ्या भावाची मुलगी बारावी झाली. सायन्स, मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही ठेवलेली, सीईटीही दोन्ही ग्रुपची दिलेली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन : "आत्या, मला काहीच ठरवता येत नाहीये आणि घरात सगळे रोज विचारतात." तिच्याबरोबर बसून जे जे केलं, ते इथे लिहिते.

आधी 'ठरत नाही' म्हणजे काय ते बघा

हे तीन तऱ्हांचं असतं. दोन-तीन गोष्टी आवडतात आणि एकीचीही खात्री नाही, ही पहिली. कशातच मन नाही, ही दुसरी. तिसरीत मुलाचं ठरलेलं असतं, पण घरी बोलायची हिंमत नसते. तिसरी असेल तर कॉलेजं पालथी घालण्यात अर्थ नाही. एखाद्या मामाला नाहीतर आत्याला मध्ये घाला. सोनारानंच कान टोचलेले बरे असतात. मध्यंतरी काही वर्षं बोर्डातर्फे दहावीची कलचाचणी व्हायची. तिचा कागद घेऊन आलेली मुलं मी पाहिलीत : कागदावर 'ललित कला' आणि हातात भलत्याच कोर्सचा फॉर्म.

भाचीची पहिली तऱ्हा निघाली. यादीत बी.फार्मसी होतं, बी.एस्सी. होतं, आणि खूप चाचरत तिसरं सांगितलं : वकिली.

कुठलं दार कधीपर्यंत उघडं?

वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे आवडीनिवडी लिहायला सगळेच सांगतात. मी उजवीकडून सुरुवात करायला लावली : आज हे घेतलं तर तीन वर्षांनी कुठे जाता येणार नाही?

वकिलीपासून बघा. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स आहे, तसाच कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. आहे. म्हणजे हे दार पदवीनंतरही उघडंच राहतं, त्याची आज घाई नाही. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या बहुतेक परीक्षा, एमबीए यांचंही तेच. पदवी हवी, ती कशातली याला फारसं महत्त्व नाही. सी.ए.लासुद्धा बारावीनंतर फाउंडेशन देऊन जाता येतं आणि पदवीनंतर थेटही, कॉमर्सला ५५ टक्के आणि इतर शाखांना ६० टक्के असले की. 'बी.ए. केलं तर संपलं' म्हणणाऱ्या काकांना हे ऐकवा.

फार्मसीचं तसं नाही. ती बारावी सायन्सवरूनच. फिजिक्स-केमिस्ट्री लागतं आणि जोडीला मॅथ्स किंवा बायोलॉजी यांतलं एक पुरतं. बी.एस्सी. झाल्यावर कुणाला फार्मसी करावीशी वाटली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून चार वर्षं. नर्सिंग, आर्किटेक्चर, डॉक्टरकी, सगळ्यांची तीच गत. बी.एस्सी. ॲग्रीलाही बारावी सायन्सच बघतात, मग कृषी विद्यापीठ राहुरीचं असो, अकोल्याचं, परभणीचं की दापोलीचं.

आणि शाखांमधला रस्ता एकेरी आहे हे दहावीच्या पालकांनीही ऐकावं. सायन्सवाला बी.ए., बी.कॉम.ला जाऊ शकतो, कॉमर्सवाला बी.एस्सी.ला येऊ शकत नाही. म्हणून सगळ्यांना सायन्समध्ये कोंबा असं मी मुळीच म्हणत नाही. तिथे रडत काढलेली दोन वर्षं आणि पंचेचाळीस टक्के कुठलंच दार उघडत नाहीत. पण ज्याला सायन्स झेपतंय आणि नक्की ठरलं नाही, त्यानं मॅथ्स सोडू नये. अकरावीला द्विलक्षी घेताना विशेष जपा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचा तो दोनशे मार्कांचा विषय बरेच जण दुसरी भाषा आणि बायोलॉजी यांच्या जागी घेतात. गुणांना बरा पडतो, पण बायोलॉजी सुटलं की ती बाजू बंद. हे ऐन घाईत कुणी समजावून सांगत नाही, नंतर माझ्या खिडकीवर कळतं.

भाचीच्या पानावर शेवटी असं उरलं : वकिली थांबू शकते, बी.एस्सी. जवळ मिळते, आज हो-नाही ठरवायचं ते फक्त फार्मसीचं. तीन प्रश्नांचा एक झाल्यावर पोरगी जरा जेवली.

माहितीपत्रक बाजूला ठेवा, टाइमटेबल मागा

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीला मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय अशी रचना आहे. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांची पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतात. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यासाठी ही रचना कागदावर उत्तम आहे. बी.एस्सी.ची मुलगी इतिहास किंवा अर्थशास्त्राचा पेपर घेऊन बघू शकते.

कॉलेजात उतरताना मात्र तिचं काय होतं, ते ऑफिसात बसलेल्याला विचारा. माहितीपत्रकात ओपन इलेक्टिव्हचे चौदा विषय छापलेले असतात आणि टाइमटेबलात दोन सापडतात, कारण शिकवायला माणूस दोनच विषयांना मोकळा आहे. म्हणून माझं पहिलं काम : नोटीस बोर्डावरच्या गेल्या वर्षीच्या टाइमटेबलचा फोटो काढणं. त्यात जे विषय आहेत तेच खरे. मग ऑफिसात हे विचारायचं, आणि उत्तर वहीत तारखेनिशी लिहायचं :

मेजर पहिल्या दिवशीच ठरवावा लागतो की वर्षभर दोन-तीन विषय शिकून दुसऱ्या वर्षी? सगळीकडे सारखं नसतं, आणि आपल्या कामाचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. या विषयाला तिसऱ्या वर्षी सध्या मुलं किती? पाच-सहाच असतील तर तुमची बॅच तिथे पोचेपर्यंत तो विषय राहील याची खात्री नाही. मग 'केमिस्ट्री घ्या ना, चांगलं आहे' सुरू होतं. विषय बदलायचा अर्ज किती तारखेपर्यंत घेता? शिकवणारे कायम किती आणि सीएचबी किती? सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचे. त्यांच्यात फार जीव ओतून शिकवणारी माणसं मी पाहिलीत, पण डिसेंबरात दुसरीकडे नेमणूक मिळाली की ती जातात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा.

अजून एक, जे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एकाच इमारतीत, एकाच पाटीखाली अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन संसार चालतात. अनुदानित बी.एस्सी.ची पावती काही हजारांत आणि वरच्या मजल्यावरच्या बी.सी.ए.ची तिच्या कितीतरी पट. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, ग्रेड मात्र दोघांना मिळून एकच. कॉलेजला ए प्लस आहे म्हणून वरच्या मजल्यावरचा कोर्सही ए प्लस असेल असं नाही. ग्रेड बघताना वर्षही बघा, ती पाच वर्षांपुरती असते. कमानीवरचे बोर्ड त्याहून जास्त टिकतात.

गुरुवारी जा, दुपारी अडीचला

प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक कॉलेज लग्नघर असतं. मांडव, पाण्याचे जार, 'मे आय हेल्प यू'चे बिल्ले. नंतर कॉलेज सुरू झाल्यावर आठवड्यातल्या मधल्या वाराला दुपारी अडीचला जा. तास चालू आहेत का, की वर्ग रिकामे आणि वडापावची गाडी भरलेली? लॅबमधल्या बाटल्यांवरची लेबलं वाचता येतात का? ग्रंथालयात मुलांना कपाटापर्यंत जाऊ देतात की खिडकीतून चिठ्ठी द्यायची? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हे माझ्या वहिनीनं पाहिलं, मला सुचलं नव्हतं. एका नावाजलेल्या ठिकाणी नव्हती.

मुलांशी बोलायचं ते कॉलेजच्या आवारात नको. एसटी स्टँडवर बोला. दुसऱ्या वर्षाची मुलं गाडीची वाट बघत असतात आणि त्यांना बोलायला वेळच वेळ असतो. 'कॉलेज चांगलं आहे का' असं विचारलं की 'हो, चांगलंय' हेच येतं. 'काल किती तास झाले?' हे विचारा.

'इंटिग्रेटेड' म्हणून जे अकरावी-बारावीचं प्रकरण आहे, प्रवेश कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये, त्याबद्दल एवढंच : नीट किंवा जेईई पक्की असेल तर तुमचं तुम्ही बघा. ठरलेलं नसलेल्या मुलाला तिथे टाकू नका. दोन वर्षांत त्याला तीन विषयांपलीकडे काही दिसणार नाही, मग ठरेल कसं?

ज्याचं ठरलेलं नाही त्याला वर्गाबाहेरचं जास्त लागतं. इथे मी शहरातल्या कॉलेजांच्या बाजूची आहे, खर्च झेपणार असेल तर. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की बी.कॉम.ची मुलं नेपथ्य करतात, प्रकाशयोजना करतात, पैशांचा हिशोब ठेवतात. आपल्याला काय जमतं ते त्यांना तिथे कळतं. गावाकडच्या कॉलेजात तेच काम एनएसएसचं शिबिर करतं, एनसीसी करतं. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट असलं तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी वेगळी एंट्री आहे. म्हणून युनिट चालू आहे का आणि त्यात जागा किती, हेही विचारून घ्या.

हिशोब दोन करा : राहण्याचा आणि परत येण्याचा

पहिला हिशोब सगळे करतात, पण अर्धा. फी मोजतात आणि थांबतात. भाचीसाठी आम्ही शहरातला अंदाज धरला : खोलीचे ४,०००, मेसचे ३,०००, बाकीचं १,५००. महिन्याला ८,५००, दहा महिन्यांचे ८५,०००. घरून जाऊन-येऊन तालुक्याला शिकली तर एसटीचा विद्यार्थी पास, ज्यात तिकिटाचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. तीन वर्षांचा फरक भावानं स्वतः काढला आणि गप्प बसला.

मदतीचे रस्ते आधी तपासा. मुलींसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे : घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. फार्मसी यात येते. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली, आणि हे कोट्याची जागा विकणारा सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी यांचे अर्ज बारावी चालू असतानाच करा. जूनमध्ये तहसीलला सगळा तालुका उभा असतो. मुलांसाठी 'कमवा आणि शिका' आहे का विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुलखातली मी, मला त्या योजनेत लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. बागेत पाणी घालून शिकलेले दोघे आमच्याच कॉलेजात पुढे प्राध्यापक झाले.

दुसरा हिशोब कुणीच करत नाही : चुकलं तर परत यायला किती पडेल? हा मी स्वतः केला नव्हता.

२०१६ साली माझा मुलगा बारावी झाला. त्याचंही ठरलेलं नव्हतं. रोज दाखले लिहिणारी मी, पण घरचं पोरगं म्हटल्यावर शहाणपण खिडकीवरच राहिलं. लांबच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मॅनेजमेंटची जागा घेतली, हॉस्टेल धरून वर्षाचे दोन लाखांच्या वर. एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर राहिले, इयर डाऊन झाला आणि दिवाळीत तो परत गेलाच नाही. मूळ कागद आणायला मी चार खेटे घातले. उरलेली फी भरल्याशिवाय देणार नाही म्हणाले. चौथ्या खेपेला पैसे भरले आणि कागद घेऊन आले. त्याचा दाखला वाचला, त्यावरही 'पुढील शिक्षणासाठी'च होतं. पुढे त्यानं आमच्याच कॉलेजातून बी.कॉम. केलं, सायन्सवरून जाता येतं ते असं कामी आलं. आता एका टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटीची रिटर्न्स भरतो आणि मार्चएंडला आनंदात असतो. माणसाला मार्चएंड आवडू शकतो हे मला कुठल्या कलचाचणीनं सांगितलं असतं?

तर हे लक्षात ठेवा. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत, तपासून परत द्यायची, हे यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. फी परतीचे टप्पेही त्यात आहेत : प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी सोडलं तर पूर्ण फी, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. यूजीसी एखाद्या वर्षी वेगळ्या तारखा काढते, आणि कॅपच्या कोर्सना सीईटी सेलचे स्वतःचे नियम आहेत. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधीच शेवटची तारीख विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवायची.

फॉर्म भरताना

बी.एस्सी.चे प्रवेश आधी होतात, फार्मसीचे राऊंड बरेच नंतर. म्हणून भाचीनं तालुक्याच्या कॉलेजात अनुदानित बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही ठेवून. फार्मसीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये फक्त तीच कॉलेजं टाकायची असं ठरवलं, जिथे नंबर लागला तर खरोखर जाणार. भरायचं म्हणून चाळीस कॉलेजं भरू नका. कॅपमध्ये राऊंडनुसार वरच्या काही पसंती आपोआप पक्क्या होतात आणि मग 'ते सहज टाकलं होतं' म्हणायला जागा राहत नाही. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. आणि ऑप्शन फॉर्मचा ओटीपी मैत्रिणीच्या फोनवर नको. हसू नका, झालेलं आहे.

तिची यादी सहा कॉलेजांची आहे. दोन आम्ही पाहून काढून टाकली. एकात औषधनिर्माणाच्या लॅबमधल्या मशीनवर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. तोवर बी.एस्सी.च्या तासांना नीट बसायचं असं ठरलंय, कारण नंबर लागला नाही तर तेच पुढे चालवायचं आहे. पहिल्या महिन्यात तिला स्टॅटिस्टिक्स आवडायला लागलंय, म्हणजे आता यादीत चौथी गोष्ट. भाऊ वैतागलाय. मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा वही काढू.

एवढं मात्र तिच्याकडून आधीच करून घेतलंय. बारावीच्या दाखल्याच्या, दोन्ही गुणपत्रिकांच्या आणि जातीच्या दाखल्याच्या पाच-पाच झेरॉक्स, साक्षांकित करून, आणि सगळ्याचं स्कॅन आईच्या फोनवर. मूळ दाखला कॉलेजला दिला त्याची पोच घेतली आणि तीही त्याच फाइलमध्ये लावली. दाखला हरवला तर डुप्लिकेट मिळतो, पण त्याला प्रतिज्ञापत्र लागतं, खेटे लागतात, आणि खिडकी नेमकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झालेली असते.